खेळाडूंच्या मर्जीने चालणारं कॅम्पेन: नव्या जीएमसाठी पायरीपायरीने

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, आणि जीएम (गेम मास्टर) जग आणि त्यातली बाकीची माणसं चालवतो. अनेक सेशन्स चालणाऱ्या अशा सलग खेळाला कॅम्पेन म्हणतात. तयार ॲडव्हेंचरचं पुस्तक समोर ठेवून चार-दोन सेशन्स चालवली की एक गोष्ट हमखास लक्षात येते: खेळाडू पुस्तकाबाहेर जातात. ज्या म्हाताऱ्याला तुम्ही दोन ओळींचं काम दिलं होतं, त्यालाच ते धरून बसतात. ज्या गुहेचा नकाशा काढण्यात तुमचा अख्खा रविवार गेला, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग जीएम त्यांना गोड बोलून गुहेकडे वळवत राहतो. याला सगळीकडे रेलरोडिंग म्हणतात. थोडंफार चालून जातं, पण सारखं केलं की खेळाडूंच्या लक्षात येतं आणि ते फासे फेकण्यापुरते उरतात.

दुसरा मार्ग म्हणजे कथा लिहायचीच नाही. जग मांडायचं, त्यात काहीतरी हवं असलेली माणसं ठेवायची आणि कुठे जायचं ते खेळाडूंवर सोडायचं. याला सँडबॉक्स म्हणतात. हे नवीन फॅड नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम छापला, त्याआधीपासून आर्नसन मिनेसोटात आपलं ब्लॅकमूर नावाचं जग खेळवत होते आणि तिथे खेळाडूच आपापले उद्योग शोधत असत.

अशा कॅम्पेनला अफाट कल्पनाशक्ती लागते असं नवखे जीएम धरून चालतात. माझ्या मते ती बऱ्यापैकी असली तरी भागतं. ही कॅम्पेन्स बंद पडतात ती बहुतेक वेळा माहितीअभावी: खेळाडूंना काय चाललंय तेच कळत नाही, म्हणून काय करायचं तेही सुचत नाही. खालच्या पायऱ्यांमध्ये हे वारंवार येईल.

एक अट मात्र आहे. तुम्ही कधीच टेबलावर बसला नसाल, तर आधी कुणाच्या तरी गेममध्ये साधा खेळाडू म्हणून खेळून या.

काय काय लागेल

- सात फाशांचा एक सेट. ऑनलाइन सहज मिळतो. प्रत्येकाकडे वेगळा हवाच असं नाही, पण वीस बाजूंचे दोन असलेले बरे.
- नियम. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. सुरुवातीला विकतचं पुस्तक लागत नाही.
- स्टार्स विदाउट नंबर या गेमच्या सुधारित आवृत्तीची मोफत पीडीएफ. गेम अंतराळातला आहे, पण केव्हिन क्रॉफर्ड यांनी त्यात जीएमसाठी दिलेली कोष्टकं कुठल्याही सँडबॉक्सला चालतात.
- षट्कोनी जाळी छापलेले दोन-तीन कागद, पेन्सिल, खोडरबर.
- एक वही. तिचं शेवटचं पान नावांसाठी राखून ठेवा.
- जुन्या लग्नपत्रिका. मागची कोरी बाजू एनपीसींच्या, म्हणजे जीएमने चालवायच्या पात्रांच्या, कार्डांसाठी उत्तम, आणि कागद असा दणकट की वर्षभर टिकतो.
- व्हॉट्सॲप ग्रुप, पोलपुरता. गप्पांसाठी वेगळा करा, नाहीतर तारीख गुड मॉर्निंगखाली गाडली जाते.

१. माणसं जमवा आणि सेशन झिरो घ्या

तीन ते पाच खेळाडू. सहा झाले की निर्णय व्हायलाच तास जातो.

सेशन झिरो म्हणजे खेळाआधीची बैठक. ती टाळू नका. तिथे ठरवायचं ते असं: किती दिवसांनी भेटायचं, किती तास, किती जण आले तर खेळायचं, फोन कुठे ठेवायचे. यानंतर नाजूक विषय. लाइन म्हणजे जी गोष्ट गेममध्ये येणारच नाही. व्हेल (इंग्रजी veil, पडदा) म्हणजे जी घडेल, पण पडद्याआड. आपलं जग आपल्याच मातीसारखं असणार असेल, तर जात, बायकांवरची जबरदस्ती, लहान मुलांची आणि जनावरांची हाल-हत्या, यातलं काय चालेल नि काय नाही हे स्पष्ट विचारा. कुणी मोठ्याने सांगायला कचरत असेल, तर तुम्हाला एकट्याला मेसेज करण्याची मुभा द्या.

आणि हे साफ सांगा: "या गेममध्ये मी तुम्हाला कामं वाटणार नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही सांगायचं." यावर एखाद्याचा चेहरा पडला तर त्याला जबरदस्ती करू नका. काहींना चांगली रचलेली गोष्ट अनुभवायला आवडते, त्यात कमीपणा काही नाही. त्यांच्यासाठी तयार ॲडव्हेंचर चालवा.

२. प्रत्येक पात्राला एक पकडता येणारी इच्छा

पार्श्वभूमीची चार पानं कुणी लिहून आणली तर कौतुक करा आणि विचारा: "यातलं तुला आत्ता काय हवंय?" उत्तरात एक माणूस, एक जागा आणि एक कृती असली पाहिजे.

"मला बापाचा सूड घ्यायचाय" याने तुम्हाला काहीच मिळत नाही. "जकातदाराने माझ्या बापाचे बारा बैल जप्त केले, ते परत आणायचेत" यात माणूस आहे, जागा आहे, आणि उद्यापासून सुरुवात करता येते. "जगातला सर्वात मोठा जादूगार व्हायचंय" असं म्हणणाऱ्याला विचारा, पहिली पोथी कुणाकडे आहे?

यासोबत टोळी, म्हणजे खेळाडूंची सगळी पात्रं, एकत्र का आहे, तेही इथेच ठरवा. माझी आवडती युक्ती सामायिक कर्ज. सगळ्यांनी मिळून एकाच सावकाराकडून पैसे उचललेत आणि हप्ता जवळ आलाय. पैशाची गरज असलेली माणसं घरात बसत नाहीत.

३. नकाशा छोटा काढा

खंड, सात राज्यं, तीन हजार वर्षांचा इतिहास, सगळं फेका. दोन-तीन दिवसांच्या चालीत येईल एवढाच मुलूख काढा. एक षट्कोन सहा मैलांचा धरतात, म्हणजे साधारण दहा किलोमीटर. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत साधारण चालीने दिवसाला २४ मैल होतात आणि अवघड वाटेवर निम्मे. म्हणजे सपाटीवर दिवसाला चार षट्कोन, घाटात दोन. नवख्या जीएमला पुरून उरतं.

नमुना हवा असेल तर नाणेघाट डोळ्यांसमोर आणा. वर जुन्नर, खाली कोकण, पुढे कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरं. सातवाहनांच्या काळापासूनचा हा व्यापारी रस्ता. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि बाहेरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आजूबाजूला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. सँडबॉक्सला जे जे लागतं ते एका नजरेत येतं: पैसा जिथून जातो अशी चिंचोळी वाट, तिच्यावर डोळा ठेवून बसलेले किल्ले आणि वर-खाली दोन वेगळी जगं.

मी असाच एक काल्पनिक मुलूख वापरतो. वर धामणपेठ, खाली खारबंदर, मध्ये सातमोडीचा घाट, दोन किल्ले, एक ओस पडलेलं लेणं, एक दाट रान. आठ-दहा जागा, प्रत्येकीला एकच ओळ: तिथे कोण आहे आणि त्याला काय हवंय. "उभाकडा किल्ला: किल्लेदारीणबाईंकडे साठ माणसं, पगार चार महिने थकलेला." एवढ्यावर दोन सेशन्स सहज निघतात.

४. तीन गट आणि त्यांची घड्याळं

जग जिवंत वाटतं ते खेळाडू नसतानाही तिथे काही घडत असतं म्हणून. त्यासाठी तीन गट पुरे. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी लिहा: काय हवंय, हाताशी काय आहे, आणि कोणीच मध्ये पडलं नाही तर पुढे काय होईल.

तिसऱ्या गोष्टीसाठी घड्याळ वापरा. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या गेममुळे ही पद्धत सगळीकडे पोहोचली. कागदावर एक वर्तुळ, त्याचे चार किंवा सहा भाग. गटाचा बेत एक टप्पा पुढे सरकला की एक भाग रंगवायचा. आमच्या किल्लेदारीणबाईंचं घड्याळ असं आहे:

१. घाटाच्या मधल्या टप्प्यावर पहारा बसतो.
२. पिण्याच्या पाण्याचं एकुलतं एक टाकं पहाऱ्याखाली जातं.
३. पाण्याचे पैसे न देणारा एक तांडा लुटला जातो.
४. बाई उघडपणे स्वतःची जकात सुरू करतात.

दोन सेशन्सच्या मधे दहा मिनिटं बसून कुठलं घड्याळ हललं ते ठरवा. जे हललं त्याची बातमी खेळाडूंच्या कानावर गेलीच पाहिजे. तुमच्या वहीत झालेली क्रांती कुणाला कळली नाही तर ती झालीच नाही.

आपल्याकडच्या मुलखात एक घड्याळ आयतं मिळतं: पावसाळा. मृग लागला की घाट निसरडा होतो, बैल चढत नाहीत, व्यापार थांबतो. गेम चैत्रात सुरू करा. सगळ्यांनाच घाई असते, आणि ती तुम्हाला कृत्रिमपणे आणावी लागत नाही.

५. माहिती वाटा, सढळ हाताने

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा.

"तुम्ही काहीही करू शकता, बोला!" असं म्हणून खेळाडूंकडे बघत बसणं म्हणजे हॉटेलात मेनूकार्ड न देता "काय घेणार?" विचारणं. माणसं चहा सांगून मोकळी होतात. गेममध्ये चहा म्हणजे दारूच्या गुत्त्यात मारामारी.

म्हणून पहिल्याच दिवशी अफवा वाटा. सहा लिहा, प्रत्येकाला फासा टाकायला लावा, आणि ज्याला जी मिळेल ती त्याच्या पात्राने ऐकलेली आहे असं धरा. माझी यादी:

१. उभाकड्यावरची शिबंदी पगारासाठी कुरबुर करतेय. रात्री दोघं खाली उतरून धान्य मागून गेले.
२. लेण्यात दिवा दिसतो. तिथे वर्षानुवर्षं कुणी राहत नाही.
३. जकातदार रांजण रोज रात्री रिकामा करतो, पण पेठेत पैसे आठवड्यातून एकदाच पोहोचतात.
४. रानातून घाटाला वळसा घालणारी जुनी पायवाट आहे. मेंढपाळांना ठाऊक आहे.
५. खारबंदरात एक परदेशी गलबत अडकलंय. त्याच्या मालकाला वर जायला वाटाड्या हवाय, पैसे आगाऊ.
६. सावकार स्वतः कर्जात आहे.

प्रत्येकीत एक जागा किंवा माणूस आहे, आणि एकही निव्वळ खोटी नाही. अर्धवट खरी चालते. धडधडीत खोट्या अफवेमागे तीन तास घालवल्यावर खेळाडू पुढच्या कुठल्याच बातमीवर विश्वास ठेवत नाहीत.

रहस्य ठेवायचं असेल तर जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम पाळा: खेळाडूंना जे कळायला हवं, त्याकडे नेणारे किमान तीन वेगवेगळे धागे पेरायचे. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा कामाला येतो.

धोक्याचीही माहिती द्या. सँडबॉक्समध्ये सगळे शत्रू टोळीच्या ताकदीचे नसतात आणि नसावेत. मात्र जिथे गेलं की मरण आहे, तिथे वाटेत हाडं दिसू द्या, वाटाड्याने पुढे यायला नकार द्यावा, आणि पळून जाणं हा खरा पर्याय असावा. सूचना देऊनही गेले, तर मग फासे पडतील तसं.

६. पहिलं सेशन बंदिस्त ठेवा

इथे मी जरा उलटं सांगतोय, पण ऐका. पहिल्या सेशनला मोकळीक देऊ नका. अनोळखी जग, अनोळखी पात्रं, त्यात "काय करता?" विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. सुरुवात थेट एखाद्या पेचात करा: टोळी सातमोडीच्या जकातनाक्यावर रांगेत उभी आहे, ऊन चढलंय आणि नाक्याचा शिपाई म्हणतो, जकात आजपासून दुप्पट. पेच तुमचा, सुटका त्यांची.

७. टेबलावर: न ठरवलेलं घडतं तेव्हा

याच प्रसंगात तुमच्या डोक्यात तीन वाटा असतील: पैसे भरतील, लाच देतील किंवा रात्री चोरून जातील. इतक्यात एक खेळाडू म्हणते, "रांगेतल्या सगळ्या तांडेवाल्यांना एक करू. आज कुणीच भरायचं नाही."

घाबरू नका, आणि "नाही, ते ऐकणार नाहीत" असं तर मुळीच म्हणू नका. विचारा, "बरं. आधी कुणाशी बोलतेस?"

"सगळ्यात मोठा तांडा कुणाचा?"

"तो बघ, डोक्याला पट्टी बांधलेला नायक. चाळीस बैल, मिठाच्या गोण्या. पाऊस आला तर सगळ्यात जास्त बुडेल तोच."

"मग त्याच्याशीच."

आता सहा बाजूंचे दोन साधे फासे टाका आणि बेरीज करा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत समोरच्याची वृत्ती अशीच ठरवत: २ आला तर थेट अंगावर, ३ ते ५ वैरभाव, ६ ते ८ अनिश्चित, ९ ते ११ निवळलेला, १२ आला तर मैत्री. ३६ पैकी १६ वेळा उत्तर मधलंच येतं, आणि जीएमच्या सोयीचं तेच असतं. समजा ७ आला. नायक विचारतो, "आज नाही भरली. उद्या? उद्या तुम्ही इथं असणार का?"

आता चेंडू पुन्हा खेळाडूंकडे. तुम्ही काहीच आधी रचलेलं नव्हतं, फक्त त्या माणसाला काय हवंय ते तुम्हाला माहीत होतं. न ठरवलेल्या प्रत्येक बेताला हेच तीन प्रश्न लावा: यात कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान, आणि किंमत काय?

मराठीत खेळण्याचा एक फायदा इथे उपटा. शिपाई "अहो पाहुणे"वरून "ए, तू"वर आला की टोळीला वेगळं सांगावं लागत नाही.

नावांचं पान याच क्षणासाठी असतं. राणू, सटवा, येसू, भिकोबा, गंगाई, म्हाळू अशी वीस नावं लिहून ठेवा आणि वापरलं की खोडा. नाव द्यायला जीएम अडखळला की खेळाडू ओळखतात, हा माणूस बिनमहत्त्वाचा.

८. शेवटची पंधरा मिनिटं

सेशन संपवायच्या आधी पंधरा मिनिटं फासे बाजूला ठेवा आणि विचारा: "पुढच्या वेळी कुठे जाताय, आणि का?" उत्तर मिळेपर्यंत कुणाला उठू देऊ नका. ते लेण्याकडे जाणार म्हणाले, तर फक्त लेण्याची तयारी करा. एक पान: जागेचा ढोबळ नकाशा, तिथली दोन-तीन माणसं, एक धोका, एक कामाची वस्तू, पुढे नेणाऱ्या दोन बातम्या. बाकीचा मुलूख एकेका ओळीवरच राहू द्या.

ऐनवेळी मत बदललं तर? बदलू द्या, पण आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी माल थोडा कच्चा मिळेल. बहुतेक जण मग बदलत नाहीत.

नवख्यांचे नेहमीचे सापळे

*दोन्ही रस्त्यांवर तोच राक्षस.* डावीकडे गेले तरी तोच, उजवीकडे गेले तरी तोच. मेहनत वाचते खरी, पण एकदा कळलं की पुढच्या प्रत्येक फाट्यावर खेळाडू खांदे उडवतात. न वापरलेला राक्षस वहीत ठेवा, सहा महिन्यांनी कामी येतो.

*एकाचाच आवाज.* बडबड्या खेळाडूचा बेत हा सगळ्यांचा बेत धरला जातो. प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. गप्प बसणाऱ्याला "तुला काय वाटतं?" असा मोघम प्रश्न नको, "हे चाललंय तेव्हा तू कुठे उभा आहेस?" विचारा, उत्तर येतंच.

*लाडका एनपीसी.* तुमचा शहाणा, बलवान वाटाड्या टोळीबरोबर हिंडू लागला की निर्णय तोच घेतो. त्याला घाटात ताप आणा.

*गळती.* नोकऱ्या, शिफ्ट, लग्नसराई, गणपती, मुलांच्या परीक्षा. पाचही जण दर वेळी येणं अशक्य आहे. बेन रॉबिन्स यांनी आपल्या वेस्ट मार्चेस कॅम्पेनबद्दल २००७ मध्ये लिहिलं, त्यात याचं उत्तर सापडतं: ठरावीक वार नाही, ठरावीक टोळी नाही, ठरावीक कथानक नाही. खेळाडूच तारीख आणि मोहीम ठरवतात, आणि गाव सुरक्षित असल्यामुळे साहस सगळं बाहेर. त्यातली एक सवय कुठल्याही सँडबॉक्सला लावा: प्रत्येक सेशनच्या शेवटी टोळी पेठेत परत. पुढच्या वेळी जो येईल तो निघेल.

९. थांबायचं कधी

शेवट आधी ठरवून ठेवलेला बरा. वर सांगितलेला पावसाळा इथे पुन्हा वापरता येतो: घाट बंद झाला की पहिला हंगाम संपला. त्या सेशनला सगळी घड्याळं पूर्ण फिरवा आणि चार महिन्यांत मुलखात काय झालं ते सांगा. प्रत्येकाला विचारा की त्याच्या पात्राने पावसाळा कुठे काढला. ज्याचे बैल परत मिळाले त्याने नवी इच्छा सांगावी किंवा नवं पात्र आणावं. मग ग्रुपवर पोल टाका: दसऱ्यानंतर पुन्हा याच मुलखात, की नवीन नकाशा, की जीएमच्या खुर्चीत दुसरं कुणी?